'पळून गेलेल्यां'पैकी एकीचं उत्तर

नमस्कार.

ब्रिटन सोडून थायलंडला राहायला आलेल्या आम्हा दोघांवरच्या 'चिआंग माईतला आमचा नववा पावसाळा' या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे जशीच्या तशी देते:

"स्वस्ताईच्या मागे पळून गेलेल्यांनी दुसऱ्यांना भुलवू नये. तुमची पेन्शन गोठलेली आहे, विमा नाही, जमीन तुमच्या नावावर होऊ शकत नाही, व्हिसा दरवर्षी नव्याने मागायचा. दोघांतलं एक गेल्यावर उरलेल्याने काय करायचं, हे तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. आणि नव्वद दिवसांचा फॉर्म चुकीचा सांगितलाय."

शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा तो फॉर्म टीएम ४७. मी लिहिलं होतं टीएम ३०. तो घरमालकाने भरायचा असतो, परदेशी माणूस घरात राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत. मी दोन्हींची गल्लत केली. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत त्याबद्दल मनापासून आभार.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येते. काल रात्री मला झोप लागली नाही ती त्या वाक्यामुळे.

'पळून गेलेल्यांनी.' हा शब्द तुम्ही विचार करून वापरलात की हाताला येईल तो टाकलात, मला माहीत नाही. आपल्याकडे पळून कोण जातं? देणं बुडवणारा जातो, जबाबदारी टाकणारा जातो, तोंड दाखवायची सोय न उरलेला जातो. आम्ही यातलं काय केलं ते मला सांगा. स्वस्त पडतं म्हणून आलो, हे मी माझ्या पहिल्याच लेखातल्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे. लपवलं कधी? स्वस्त आहे म्हणून जाणं आणि पळून जाणं यात फरक असतो, आणि तो तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला कळत नसेल असं मी मानत नाही.

आम्ही पहिल्यांदा इथे आलो २००९ साली, दोन आठवड्यांच्या सुट्टीवर. आवडलं म्हणून लगेच गाशा गुंडाळला नाही. पुढच्या सात वर्षांत पाच वेळा आलो आणि मुद्दाम वेगवेगळ्या ऋतूंत आलो. एप्रिलमध्ये आलो, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा. सप्टेंबरमध्ये आलो, पिंग नदी काठाला लागते तेव्हा. आणि २०१५ चा अख्खा मार्च इथे काढला, फक्त धूर बघायला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: फेब्रुवारी ते एप्रिल या भागात शेतातलं मक्याचं खुंट आणि डोंगरावरचं रान जाळतात, शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत असल्यामुळे तो धूर वर निघून जात नाही, आणि मार्चमधल्या काही दिवशी जगातल्या सगळ्यात वाईट हवेच्या शहरांच्या यादीत चिआंग माई पहिल्या नंबरवर असतं. त्या महिन्यात सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की बोटाला काजळी लागायची. समोर दिसणारा दोई सुथेपचा डोंगर सलग चार दिवस दिसलाच नाही. आमचे हे रात्री खोकायचे आणि सकाळी वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचे. ती वही आजही आहे. पळून जाणारा माणूस आधी महिनाभर धूर खाऊन, वहीत नोंदी करून मग पळतो का?

आणखी एक. आम्ही ब्रिटन सोडलं नोव्हेंबर २०१६ मध्ये, ज्या महिन्यात यांना ६५ पूर्ण झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे युरोपीय संघातून बाहेर पडायचं मतदान झालं आणि पौंड आपटला. मे महिन्यात पौंडाला ५० च्या वर थाई बाट मिळत होते, आम्ही निघालो तेव्हा ४५ सुद्धा मिळत नव्हते. आमची सगळी गणितं ५० च्या हिशोबाने केलेली. नातेवाइकांनी सांगितलं, दोन वर्षं थांबा. फक्त स्वस्ताईच्या मागे असतो तर थांबलोच असतो.

आम्ही थांबलो नाही, कारण यांनी ३६ वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर काढली आणि त्यातली निम्मी रात्रपाळीत. मी २७ वर्षं एका शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिले. माझी पाळी संपायची तेव्हा यांची सुरू व्हायची. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर आम्ही एकमेकांना निरोप लिहायचो: 'दूध आणले', 'गॅसचे बिल भरले', 'डोके दुखत होते, झोपतो'. असा संसार झाला आमचा. शेवटची दोन वर्षं हिवाळ्यात बिलाच्या भीतीने एकच खोली गरम ठेवायचो आणि त्याच खोलीत जेवायचो, तिथेच झोपायचो. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात हे सकाळी सहाला उघड्या दारात चहाचा कप घेऊन बसले होते, अंगात बनियन. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, काही नाही. त्या 'काही नाही'साठी आम्ही आलो. तुम्ही त्याला पळणं म्हणता.

दुसरा शब्द 'भुलवू'. मी कुणाला भुलवते आहे? मी एजंट नाही, घरं विकत नाही, इथल्या कुठल्या संस्थेकडून मला एक बाटही मिळत नाही. धुरावर मी तीन लेख लिहिले आहेत. इमिग्रेशन ऑफिसातल्या रांगेवर लिहिलं आहे. भाषा येत नाही म्हणून औषधाच्या दुकानात रडले होते, तेही लिहिलं आहे. ते लेख वाचून तुम्ही प्रतिक्रिया दिलेली मला आठवत नाही.

आणि 'परक्या देशात' हे शब्द तुम्ही वापरले नाहीत, पण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेच्या खाली तेच आहे, म्हणून हेही सांगते. जुलै २०२१ मध्ये हे न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. कोविडचे दिवस. मुलगी यायला निघाली असती तर इथे उतरल्यावर १४ दिवस हॉटेलात कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि तोवर ऑपरेशन होऊन गेलं असतं. मी एकटी. शेजारी एक सत्तरीच्या बाई राहतात. त्यांना मी 'पा' म्हणते, थाई भाषेत आई-वडिलांची थोरली बहीण म्हणजे पा. आमचं तोपर्यंत हसण्याच्या आणि आंबे देण्याघेण्याच्या पलीकडे काही नव्हतं. हॉस्पिटलात बाहेरच्यांना वर सोडत नव्हते. पा रोज सकाळी साडेसातला लाल सोंगथेवमध्ये, म्हणजे मागे बाकडी असलेल्या इथल्या भाड्याच्या गाडीत, बसून यायच्या आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे डबा ठेवून जायच्या. तीन पुडांचा इनॅमलचा डबा, पांढऱ्यावर निळी फुलं, एका पुडाचा कान तुटलेला आणि तिथे तार गुंडाळलेली. खालच्या पुडात भाताची पेज, मधल्यात उकडलेलं अंडं, वरच्यात पपईच्या फोडी. तिसऱ्या दिवशी मी पेज चाखून बघितली, तर तिच्यात मीठ नव्हतं. यांना रक्तदाब आहे हे मी कधीतरी खुणांनी सांगितलं होतं, दीड-दोन वर्षांपूर्वी. ते त्यांच्या लक्षात होतं. अकरा दिवस त्या डबा आणत होत्या. मी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी माझा हात धरून माझ्याच पदरात घातला.

तुम्ही कधी इथे राहिला आहात का? तुमच्या प्रतिक्रियेतून तसं दिसत नाही. राहिला असाल तर कुठे आणि किती दिवस ते लिहा, मी आनंदाने वाचेन. नसाल राहिला, तर निदान आवाज थोडा खाली ठेवा. मी तुमच्या मुलीच्या वयाची नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पेन्शन गोठते, खरं आहे. २०१६ साली ब्रिटनची नवी सरकारी पेन्शन आठवड्याला पूर्ण दराने १५५.६५ पौंड होती. २०२५-२६ मध्ये तिथे राहणाऱ्याला ती २३०.२५ झाली आणि यांचा दर २०१६ लाच थांबलेला आहे. कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांचंही असंच गोठतं. फिलिपिन्सला गेलो असतो तर दरवर्षी वाढली असती. आम्ही फिलिपिन्सला गेलो नाही.

विमा नाही, कारण यांचं वय आणि हृदयाचा जुना त्रास बघून जे हप्ते सांगितले गेले ते ऐकून आम्ही तेवढी रक्कम बाजूला टाकायचं ठरवलं. आमच्या प्रकारच्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही. ओ-ए हा निवृत्तांचा दुसरा एक व्हिसा, तो घेणाऱ्यांना ऑक्टोबर २०१९ पासून आहे. खुब्याच्या ऑपरेशनचं बिल किती झालं हे विचारणार असाल तर तो आकडा मी इथे देणार नाही. तो आमच्या घरातला विषय आहे.

जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी कळतं. फ्लॅट घेता येतो, इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. आम्ही भाड्याने राहतो. या वयात आम्हाला सात-बारा नको आहे.

व्हिसाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, पण त्याचे नियम उघड आहेत. वय किमान पन्नास, बँकेत आठ लाख बाट किंवा महिन्याला ६५,००० चं उत्पन्न. आठ लाख अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, एरवीही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. १,९०० बाट फी. पासबुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येकीवर निळ्या शाईने सही. वर्षातली एक सकाळ जाते, झालं.

राहिला दोघांतल्या एकाचा प्रश्न. आमची खाती वेगळी आहेत आणि दोन्ही खात्यांत आठ-आठ लाख आहेत. माझी मुदतवाढ यांच्यावर अवलंबून नाही, माझ्या स्वतःच्या नावाने होते. मयताचं खातं इथली बँक गोठवते आणि कोर्टाने व्यवस्थापक नेमेपर्यंत उघडत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच ही सोय केली. मृत्युपत्रंही इथल्या वकिलाकडून थाई भाषेत केलेली आहेत. त्याच्या पुढचं तुम्ही विचारलंत. तुमची बाकी सगळी प्रतिक्रिया मी यांना वाचून दाखवली, ते एक वाक्य मात्र गाळलं. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. फॉर्मची चूक तुम्हीच दाखवलीत हे लेखाखाली नोंदवलं आहे. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ते पहिलं वाक्य तेवढं गाळा, बाकीच्या सगळ्याला मी उत्तर देईन.