पंचेचाळीस मिनिटांचा समुद्र

माझी माय 64 वर्षांची आहे आणि तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात रात्री दोन-दोन वाजता घागरी घेऊन रांगेत बसलेल्या बायांत ती होती. तिला मला विशाखापट्टणमला न्यायचंय. फक्त तीन दिवस. आणि तेवढं ठरवता ठरवता महिनाभर डोक्याची मंडई झालीय!

काल ट्रॅव्हलवाल्यानं कागद दिला. पहिल्या दिवशी सिंहाचलम, कैलासगिरी, पाणबुडी, विमानाचं संग्रहालय, बीच. दुसऱ्या दिवशी बोर्रा गुहा आणि अरकू. तिसऱ्या दिवशी ऋषिकोंडा, थोटलकोंडा, खरेदी, स्टेशन. बीचपुढं कंसात लिहिलंय, 45 मिनिटं.

पंचेचाळीस मिनिटं! अरे, ती बाई आयुष्यभर पाण्यासाठी थांबली, तिला पाण्यापुढं बसायला तुम्ही पाऊण तास देता?

म्हणलं, अरकू काढून टाका. तर म्हणे, अरकू केल्याशिवाय वायझॅग, म्हणजे विशाखापट्टणम, झालं असं होतच नाही. कामून होत नाही? अरकू शहरापासून शंभर किलोमीटरच्या पुढं, सगळा घाट, जाऊन-येऊन दिवस संपला. बोर्रा गुहेत पायऱ्या उतरा आणि तेवढ्याच परत चढा. मायचे गुडघे दुखतात हे त्याला दोनदा सांगितलं, तर म्हणतो, "आजींना गाडीत बसवू." म्हणजे एवढ्या लांब नेऊन तिला गाडीच्या काचेतून डोंगर दाखवायचा. माझं टाळकंच सरकलं.

बरं, ज्या पाणबुडीचं एवढं कौतुक, ती आयएनएस कुरसुरा सोमवारी बंद असते. आमचा पहिला दिवस सोमवारच. हे मी शोधून काढायचं आणि पैसे त्यानं घ्यायचे!

हॉटेलचं तेच. "समुद्रापासून 800 मीटर." हे शहर डोंगरांच्या कुशीत आहे, 800 मीटर सपाट का चढ ते लिहायला काय जातं? फोन करून विचारलं तर "ऑटो मिळते सर." लातूरच्या सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला नकाशात चढ दिसत नाही हो. ज्यांना दिसतो त्यांनी सांगावं.

त्यात रजा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि आमच्याकडं रजा मंजूर होते पंधरा दिवस आधी. नांदेडहून थेट गाडी आहे, पण रोज नाही. तोवर मायला खालचा बर्थ कुठून आणू?

घरचे तर विचारूच नका. दाजी म्हणतात, समुद्रच बघायचा तर अलिबागला न्या, एवढ्या लांब कशाला. दाजी, अलिबागला सूर्य समुद्रात बुडतो, तिकडं तो समुद्रातून वर येतो. माय रोज पहाटे उठून सूर्याला तांब्याभर पाणी वाहते. दुष्काळातही वाहिलं, अर्धा तांब्या का होईना. एवढं कळायला काय लागतं?

आज तो कागद फाडला. सिंहाचलमला जाणार, गाडी देवळापर्यंत जाते आणि नरसिंहाचं दर्शन तिला हवंय. कैलासगिरीला रोपवे आहे, जमलं तर जाऊ. बाकी सगळं रद्द. बीच रोडवरच खोली घेणार, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. तिन्ही दिवस पहाटे माय वाळूत बसेल, पाहिजे तेवढा वेळ, आणि "चला, उशीर होतोय" म्हणणारा एकही माणूस मला तिथं नको.