आठ माइक नसले तरी ड्रम्स रेकॉर्ड होतात

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांत एक संदेश हमखास फिरतो: 'ड्रम किटला किमान आठ माइक हवेत, माइक हेडला (ड्रमच्या कातड्याला) जवळजवळ टेकवा, खोलीला अंड्यांचे ट्रे लावा, बाकीचं मिक्सिंगमध्ये होतं.' फोंड्याला घरच्याच खोलीत मी किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम), दोन टॉम (त्याच्या बाजूचे ड्रम), हायहॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) आणि दोन सिंबल एवढं किट रेकॉर्ड करतो. माइक चार.

आधी आठाचं बघू. घुमट आरतीत (घुमट म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) फोन घुमटाच्या तोंडाशी धरला तर नुसतं घुम्म-घुम्म येतं. चार पावलं मागं सरलं की शामेळचा ढोल, कासाळ्यांच्या झांजा, घुमट सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. किटचंही तेच. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम १९६८ साली रेकॉर्ड करणाऱ्या ग्लिन जॉन्सच्या नावानं जी पद्धत ओळखली जाते, तीत माइक चारच: एक किकला, एक स्नेअरला, एक स्नेअरच्या वर मीटरभर, आणि एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या टॉमच्या) बाजूनं, टॉमच्या जरा वरून स्नेअरकडे तोंड करून. शेवटचे दोन, म्हणजे ओव्हरहेड, स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. पहिल्या खेपेला मी ते नजरेनं जुळवले आणि स्नेअर रॉकेलच्या डब्यासारखा वाजला. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. अंतरात ३५ सेंटिमीटरांचा फरक राहिला की एका माइकला तो मिलिसेकंदभर उशिरा पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. चार माइकांत अशा जोड्या सहा, आठांत अठ्ठावीस! तेव्हापासून माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या छताचं) उरलेलं सुंभ स्टँडलाच बांधून ठेवलंय. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं, दुसरं माइकला.

हेडला टेकवायचं म्हणाल, तर कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारा) माइक जितका जवळ तितका खर्ज फुगतो, शिवाय काठीचा फटका बसतो तो वेगळाच. स्नेअरचा माइक कडेला, दोन-तीन बोटं वर ठेवावा आणि त्याची पाठ हायहॅटकडे करावी.

अंड्यांचे ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरचे सूर थोडे शोषतो, किकची घरघर तशीच राहते, आणि आमच्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. त्यापेक्षा कोपऱ्यात गादी उभी करा, भिंतीवर गोधड्या टांगा. बुटक्या स्लॅबपेक्षा उंच, उतरतं कौलारू छप्पर केव्हाही बरं. फक्त पाऊस कौलांवर ताल धरायला लागला की काम बंद.

राहिलं मिक्सिंग. ट्रॅक पुढंमागं सरकवून स्नेअर जुळवता येतो, खरं आहे. पण तो जुळला की टॉम हलतो. म्हणून टेक घेण्याआधी दोन्ही ओव्हरहेड मोनो करून, म्हणजे एकातच मिसळून, ऐका. स्नेअर बारीक झाला तर इक्वलायझरला हात न लावता आधी माइक हलवा.