गाडीशिवाय ऑर्लँडो, तेही एकटीने : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोवरच्या, म्हणजे तिथल्या डिस्नी आणि युनिव्हर्सल या दोन थीम पार्कवाल्यांच्या पार्कांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुम्ही बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहात आणि गाडी नसलेल्या माणसाचं तिथे किती अडतं हे रोज बघता. म्हणून 'ड्रायव्हिंग येत नसलं तरी एकटीने ऑर्लँडोला जा' हा सल्ला तुम्हाला बेजबाबदार वाटतो. टॅक्सीत भाड्याच्या गाडीपेक्षा जास्त पैसे जातात, रात्री पार्कमधून परतताना एकट्या बाईने काय करायचं, आणि मुळात पन्नाशी उलटल्यावर पाळण्यात बसायला एकटीने एवढा खर्च कशाला, हे तुमचे पुढचे मुद्दे. सांगलीच्या तुमच्या बहिणीने लेख वाचून जायचा हट्ट धरलाय, म्हणून काळजीपोटी लिहिलंत, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा हे उत्तर ताईंनाही वाचायला द्या.

ऑर्लँडो शहराबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. रुंद रस्ते, मध्येच संपणारे फुटपाथ, रस्ता ओलांडायचा तर लांबवरचा सिग्नल गाठायचा. लिंक्स या तिथल्या सरकारी बससेवेची ४२ नंबरची बस विमानतळावरून इंटरनॅशनल ड्राइव्ह या पर्यटकांच्या मुख्य रस्त्याला दोन डॉलरमध्ये नेते, पण तासाहून जास्त वेळ घेते. शेजारच्या किसिमी गावाच्या बाजूला १९२ नंबरच्या हायवेवर स्वस्त मोटेलं आहेत आणि आपल्याकडच्या बुकिंगच्या साइटवर तीच आधी डोळ्यांत भरतात, कारण आकडा लहान असतो. तिथे गाडीशिवाय राहा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण पार्क बघायला गेलेला माणूस शहरात राहायला हवाच असं कुठे आहे? वॉल्ट डिस्नी वर्ल्डचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात चार मोठे पार्क, दोन वॉटर पार्क, पंचवीसच्या आसपास हॉटेलं, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या डिस्नीच्या स्वतःच्या बस, मोनोरेल, बोटी आणि रोपवे. ही सगळी वाहतूक फुकट. युनिव्हर्सलचा परिसर बराच लहान, तिथे अनेक हॉटेलांतून पार्कपर्यंत चालत जाता येतं. माझा लेख या दोन कुंपणांच्या आतल्या सुट्टीबद्दल होता. आधी एका कुंपणात राहायचं, मग दुसऱ्यात. विमानतळ ते पहिलं हॉटेल, तिथून दुसरं, आणि दुसऱ्यातून परत विमानतळ, एवढ्या तीन टॅक्सी लागतात. बाकी सगळं आत.

आता पैशांचं. चौघांच्या कुटुंबाला गाडी परवडते, कारण भाडं चार जणांत वाटलं जातं. एकटीला ते भाडं, विमा, पेट्रोल, टोल सगळं स्वतःच भरायचं असतं. शिवाय बाहेर राहिलं तर डिस्नीच्या पार्कबाहेर गाडी लावायचे रोजचे पैसे वेगळे. हो, आतलं हॉटेल बाहेरच्या मोटेलपेक्षा महाग असतं आणि खोलीचे पैसे एकटीला पूर्ण पडतात. एकट्या प्रवाशाचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते मी मूळ लेखातही लपवलं नव्हतं. पण गाडीवर जाणारी रक्कम खोलीच्या भाड्यात घातली की आतली खोली आवाक्यात येऊ लागते.

यात खोली कुठली घेता यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते. डिस्नीच्या स्वस्त गटातल्या हॉटेलांत पॉप सेंच्युरी नावाचं एक आहे. त्याच्या दारातच स्कायलायनरचं स्टेशन आहे. स्कायलायनर म्हणजे २०१९ साली सुरू झालेला रोपवे. रायगडच्या रोपवेसारखाच, पण डब्यांची रांग अखंड चालू. मध्ये एकदा डबा बदलला की तो एपकॉटला किंवा हॉलिवूड स्टुडिओजला सोडतो. म्हणजे चारांपैकी दोन पार्क बसची वाट न बघता. उरलेल्या दोघांसाठी, मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडमसाठी, हॉटेलच्या दारातून थेट बस आहे. अ‍ॅनिमल किंगडमला तर मोनोरेल, बोट, रोपवे यातलं काहीच जात नाही, कितीही महाग हॉटेलात राहिलात तरी बसच. विजा चमकायला लागल्या की रोपवे बंद करतात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी हे वारंवार होतं. तेव्हा त्याच मार्गावर बस सोडतात. एपकॉटच्या मागच्या दारातून हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत पाण्याच्या कडेने पायवाटही आहे. वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येतं, आणि मला ती वाट रोपवेपेक्षाही आवडते.

एक गोष्ट ताईंनी लक्षात ठेवावी. डिस्नीच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते. मध्ये एखाद्या पार्कला किंवा डिस्नी स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात बदलावी लागते, त्यात तास सहज जातो. तेव्हा दुसऱ्या हॉटेलात जेवायला जायचं असेल तर ते त्या बाजूच्या पार्कच्या दिवशीच ठेवायचं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सना हे त्यातलं जाण्यासारखं ठिकाण. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचं मोठं ताट मिळतं. चार दिवस फ्राइज आणि पिझ्झा खाल्लेल्या शाकाहारी माणसाला त्याचं मोल कळतं.

दुसऱ्या टप्प्याला युनिव्हर्सल. सामानाची काळजी नको. सकाळी दहाच्या सुमारास टॅक्सीने नव्या हॉटेलात पोहोचायचं, बॅग त्यांच्या ताब्यात द्यायची, पावती घ्यायची आणि खोली मिळायची वाट न बघता पार्कमध्ये जायचं. रात्री पार्क सुटताना टॅक्सीचे दर चढतात, म्हणून हा मुक्काम सकाळीच हलवायचा. कबाना बे हॉटेलातून जुन्या दोन पार्कांपर्यंत आतल्या आत पायवाट आहे. त्याहून स्वस्त हवं तर सर्फसाइड आणि डॉकसाइड ही दोन हॉटेलं, त्यांची मोफत बस. २२ मे २०२५ ला उघडलेला एपिक युनिव्हर्स हा नवा पार्क मात्र काही किलोमीटर दूर, वेगळ्या जागी आहे, तिथेही हॉटेलांतून बस जाते. जुन्या दोन पार्कांमधल्या, हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स एक्सप्रेस गाडीत बसायचं असेल तर दोन्ही पार्कांचं एकत्र तिकीट लागतं. साधं तिकीट घेऊन स्टेशनवर गेलं तर परत फिरावं लागतं.

रात्रीच्या परतीचा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आत राहायचं मुख्य कारण तेच. डिस्नीच्या बस पार्क बंद झाल्यावरही तासभर तरी चालू असतात. स्टॉप पार्कच्या दारासमोर, उजेडात. प्रत्येक हॉटेलचा थांबा वेगळा, त्यावर नाव लिहिलेलं. उतरायचं ते हॉटेलच्या पोर्चमध्ये. सोबतच्या प्रवाशांत निम्म्या बाया झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेल्या. तुम्ही ज्या अंधाऱ्या पार्किंगची भीती घालता ते गाडीवाल्यांच्या वाट्याला येतं. माझ्या डोळ्यांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून मी गाडी शिकलेच नाही. दिवसभर चालून दमल्यावर अनोळखी देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, रात्री गाडी हाकायची, हे मला तरी जास्त धोक्याचं वाटतं.

आता 'एकटीने मजा ती काय' याबद्दल. दादा, हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ते सांगायलाच हवं. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांनी एस्सेलवर्ल्डला, इमॅजिकाला जाऊन दिवसभर पर्सा, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे ओले कपडे सांभाळलेत. राइडवर बाकीचे बसले, त्या खाली बाकावर. अशा एखादीला पन्नाशीनंतर वाटलं, की यावेळी मी बसणार, तर त्यात हसण्यासारखं किंवा रागावण्यासारखं काय आहे? ऑर्लँडोत एकटी आलेली मोठी माणसं तुम्हाला सगळीकडे दिसतील. जवळ राहणारे वार्षिक पासवाले संध्याकाळी एकटेच येऊन एपकॉटच्या तळ्याभोवती चक्कर मारून जातात. तळ्याकाठी मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देशांचे मंडप आहेत. पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास. ती कुणालाही घाई न करता, कुणासाठी न थांबता मारता येते.

आणि एकटं असण्याचा तिथे रोख फायदाही आहे. एका ओळीत चार जागा असल्या आणि तिघांचं कुटुंब आलं, की एक जागा रिकामी जाते. ती भरायला बऱ्याच मोठ्या राइडना वेगळी 'सिंगल रायडर' रांग असते. तिला जास्तीचे पैसे नाहीत. मुख्य रांगेत तास-दीड तास लागत असताना या रांगेतून अनेकदा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात आत जाता येतं. डिस्नीत एव्हरेस्ट, टेस्ट ट्रॅक आणि मिलेनियम फाल्कन, युनिव्हर्सलमध्ये हल्क, व्हेलोसीकोस्टर, हॅग्रिड, ममी अशा राइडना ती आहे. मात्र गर्दी कमी-जास्त पाहून ती बंदही ठेवतात, म्हणून फक्त तिच्या भरवशावर दिवस आखू नये. फाल्कन म्हणजे 'स्टार वॉर्स'मधलं अवकाशयान, त्यावर या रांगेतून गेलं तर बहुधा मागची इंजिनिअरची जागा मिळते, वैमानिकाची नाही. आणि हॉगवर्ट्सच्या किल्ल्यातल्या राइडला पहिल्यांदा तरी मोठ्या रांगेतूनच जावं असं माझं ठाम मत आहे, कारण किल्ल्याच्या आतल्या खोल्या, बोलणारी चित्रं हे सगळं त्या रांगेच्या वाटेवर आहे. सिंगल रायडरवाल्यांचं ते बहुतेक हुकतं.

पर्स कोण सांभाळणार, हा ताईंना नक्की पडणारा प्रश्न. हल्क आणि व्हेलोसीकोस्टरला खिशात मोबाइलही चालत नाही, आत जाण्याआधी मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. पण राइडपुरते लॉकर तिथेच मोफत असतात. पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघायचं. मोबाइलमध्येच तिकीट, नकाशा, जेवणाची ऑर्डर आणि खोलीची किल्ली असते, आणि एकटीजवळ दुसरा मोबाइल नसतो. म्हणून चांगली पॉवर बँक आणि महत्त्वाच्या बुकिंगची कागदावरची प्रत, या दोन गोष्टी सामानात हव्यातच.

कधी जायचं, तर जून ते सप्टेंबर टाळावं. उकाडा, रोजचा पाऊस, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीची सुरुवात मला सगळ्यात बरी वाटते, फक्त अमेरिकेतल्या सोमवारच्या सरकारी सुट्ट्यांचे लांब वीकएंड बघून टाळायचे. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही बुक करू नये. तिकीट काढताना दुबईमार्गे बघावं, तिथून ऑर्लँडोला थेट विमान आहे, म्हणजे अमेरिकेत विमान बदलायची दगदग नाही. जुन्या लेखांत डिस्नीची विमानतळावरून मोफत बस असते असं वाचायला मिळेल, ती सेवा २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता टॅक्सी किंवा पैसे देऊन सामायिक बस.

केनेडी स्पेस सेंटर आणि समुद्रकिनारा बघायचा असेल तर मात्र तुमचाच मुद्दा लागू पडतो. ते लांब आहे, आणि गाडीशिवाय एखाद्या सहलीच्या बसमध्ये पूर्ण दिवस घालवावा लागतो. पहिल्याच खेपेला मी ते सोडून देईन. आणि अमेरिकाच नको असं ठरलं, तर तोक्योचं डिस्नी आहे. तोक्यो स्टेशनवरून केइयो लाइनची लोकल पंधरा-वीस मिनिटांत माइहामाला सोडते आणि पार्क समोर दिसतो. पॅरिसचं डिस्नी आरईआर या तिथल्या लोकल रेल्वेच्या ए लाइनच्या शेवटच्या स्टेशनला लागून आहे. तिथे तुमचे बहुतेक आक्षेप उरतच नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकटी असताना आजारी पडली तर. डिस्नीच्या चारही पार्कांत प्रथमोपचार केंद्र आहे, तिथे नर्स असतात, साधी मलमपट्टी, गोळी, थोडा वेळ पडायला कॉट मिळते. त्यापुढचं अमेरिकेतलं वैद्यकीय बिल काय असतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. म्हणून प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या बीपी-शुगरचा त्यात समावेश आहे का, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचायचं, एजंटच्या तोंडच्या शब्दावर जायचं नाही. औषधं हातातल्या बॅगेत, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. आणि हिवाळ्यात तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात झालेले असतात. परतीच्या बसमधून ताई घरी रोज फोन करू शकतील. तुमच्याकडे तर तेव्हा आठच वाजलेले असतील, तुम्हालाही करतील.