"यादी काहून नाही दिली?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

महिला हँडबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलं आहे: "इतिहास म्हणता अन् विजेत्यांची यादीच नाही. अर्धा लेख चेंडू, मैदान, वेळ यातच गेला. १९५७ची जागतिक फायनल ७-१ म्हणजे तेव्हा बायकांचा खेळ कच्चाच होता, त्यात सांगण्यासारखं काय? आणि विदर्भ वेगळा काहून दाखवला? आपण महाराष्ट्रात नाही का?"

आधी एक चूक कबूल करतो. ती तुम्ही दाखवलेली नाही, तुमच्या प्रतिक्रियेमुळे लेख पुन्हा तपासताना सापडली. महिला हँडबॉल ऑलिंपिकमध्ये १९७२ला आलं असं छापलं गेलं होतं. १९७२ला म्युनिकमध्ये फक्त पुरुष खेळले. महिलांची सुरुवात १९७६ची, माँट्रियलची. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ७-१. चेकोस्लोव्हाकियाने हंगेरीला हरवलेल्या त्या सामन्याचा आकडा एकटा पाहिला तर तुम्ही म्हणता तसंच वाटेल. १९६२ची फायनल रुमानियाने डेन्मार्कविरुद्ध ८-५ अशी जिंकली, १९६५ची हंगेरीने युगोस्लाव्हियाविरुद्ध ५-३ अशी. पण त्याच काळातली पुरुषांची १९६१ची फायनल पाहा. रुमानियाने चेकोस्लोव्हाकियाला ९-८ असं हरवलं, तेही दोनदा जादा वेळ खेळून. पुरुषांचा खेळही कच्चाच होता म्हणायचं का?

गोल कमी होण्याची कारणं नियमांत आहेत. महिलांचा सामना तेव्हा पूर्ण तासाचा नसे. माँट्रियललासुद्धा २५-२५ मिनिटांचे दोन भाग होते. आज ३०-३० असतात. गोल झाल्यावर दोन्ही संघांनी आपापल्या अर्ध्या मैदानात परत जायचं आणि मग थ्रो-ऑफ (मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करणारी फेक), अशी पद्धत १९९७पर्यंत होती. गोल खाल्लेल्या संघाला आता समोरचा संघ परतण्याची वाट पाहावी लागत नाही. चेंडू मध्यावर नेला, स्वतःच्या खेळाडू मागे असल्या आणि शिट्टी झाली की खेळ सुरू. या एका बदलाने सामन्यातले हल्ले कितीतरी वाढले. त्यातच वेळकाढूपणावरचा नियम कडक झाला: पंचांनी इशारा म्हणून हात वर केल्यावर गोलवर फेक करण्याआधी २०१६पासून ६ पास मिळत, २०२२पासून ४च मिळतात. म्हणून २०२३ची फायनल फ्रान्सने नॉर्वेविरुद्ध ३१-२८ अशी जिंकली, तिच्याशेजारी ७-१ ठेवून खेळाचा दर्जा मोजता येत नाही. दोन वेगळ्या घड्याळांवरचे सामने आहेत ते.

आणि बायकांचा खेळ ही पुरुषांच्या खेळाची मागून आलेली नक्कल, असा तुमच्या वाक्यातला सूर आहे. घडलं उलट. २९ ऑक्टोबर १९१७ला बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी जे नियम लिहिले ते बायकांसाठीच होते. कार्ल शेलेंझ यांनी १९१९मध्ये त्यात फेरफार करून तो खेळ पुरुषांसाठी जास्त धसमुसळा केला. डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांचे नियम याहून आधीचे, हे खरं, पण आज जिला हँडबॉल म्हणतात त्या जर्मन शाखेचा पहिला कागद बायकांचा आहे.

यादीची मुख्य अडचण इथूनच सुरू होते, कारण "पहिली महिला जागतिक स्पर्धा" दोन आहेत. १९४९ची बुडापेस्टची आणि १९५७ची युगोस्लाव्हियातली. पहिली फुटबॉलच्या मैदानावर, ११-११ खेळाडूंची. दुसरी हॉलमध्ये, ७-७ची. मैदानी स्पर्धा १९५६ आणि १९६०लाही झाली, म्हणजे काही वर्षं दोन्ही खेळ एकाच नावाने शेजारी शेजारी चालू होते. रुमानियाने १९५६ व १९६० मैदानी आणि १९६२ हॉलमधली स्पर्धा जिंकली. नेटवरच्या कित्येक याद्या ही तिन्ही विजेतेपदं एकाच रांगेत बसवतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं एकाच खेळातली हॅटट्रिक. १९६८ची स्पर्धा सोव्हिएत संघात होणार होती. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत नेतृत्वाखालच्या फौजा घुसल्या आणि ती रद्द झाली. ती जागा रिकामी न ठेवता पुढचे क्रमांक सरकवले की अख्खी यादी एका घराने चुकते.

अजून एक सापळा "फायनल" या शब्दाचा. माँट्रियलला ६ संघ होते आणि सगळे सगळ्यांशी खेळले. सोव्हिएत संघाने पाचही सामने जिंकून सुवर्ण घेतलं, पूर्व जर्मनीला रौप्य, हंगेरीला कांस्य. तिथे फायनल नावाचा सामनाच नव्हता. तरी "फायनलमध्ये रशियाने जर्मनीला नमवलं" हे वाक्य मराठीतही वाचायला मिळतं. त्यात रशियाही चूक आहे, कारण त्या संघाचा कणा युक्रेनमधल्या कीवच्या स्पार्टाक क्लबचा होता.

याच स्पार्टाक कीववरून राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रश्नाकडे येऊ. प्रशिक्षक इगोर तुर्चिन यांच्या या क्लबने सोव्हिएत संघाचं महिला राष्ट्रीय विजेतेपद १९६९ ते १९८८ असं सलग २० वेळा जिंकलं. ऑस्ट्रियात आज हायपो नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लबची सलग विजेतेपदं चार दशकांहून अधिक चालली, साखळी २०१९ला तुटली. कुणी विचारेल, आपल्याकडे एखाद्या राज्याचं असं वर्चस्व का लिहीत नाही? कारण तिकडचं "राष्ट्रीय विजेतेपद" म्हणजे क्लबांची लीग: महिनोन्‌महिने, घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर. आपली "नॅशनल" म्हणजे राज्यांचे आणि संस्थांचे संघ एका गावी जमतात आणि काही दिवसांत गट, बाद फेरी, सगळं आटोपतं. लीगमध्ये मुख्य लेफ्ट बॅकचा घोटा मुरगळला तर दोन आठवड्यांनी ती परत येते. नॅशनलमध्ये दुसऱ्या दिवशी मुरगळला तर स्पर्धा संपली. तिकडचा आकडा क्लबची ताकद सांगतो, आपला आकडा त्या आठवड्यातली राखीव खेळाडूंची ताकद. दोन्हींना एकच शब्द असला म्हणून एकाच तराजूत टाकता येत नाही.

आता विदर्भ. हा आमचा अट्टहास नाही, स्पर्धेची नोंदच तशी आहे. भारतीय हँडबॉल महासंघ १९७२चा. त्याच वर्षी रोहतकला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे हरियाणा पहिला आणि विदर्भ दुसरा आला. महाराष्ट्रात असूनही विदर्भाचं वेगळं युनिट (स्वतःचा संघ पाठवणारी संघटना) असणं हे क्रिकेटमुळे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पण हे सगळीकडे लागू नाही. नॅशनल गेम्समध्ये राज्य ऑलिंपिक संघटनेमार्फत जायचं, तिथे महाराष्ट्र एकच. शालेय स्पर्धेत नागपूर आणि अमरावती हे महाराष्ट्राच्या ८ विभागांपैकी दोन विभाग. इथली मुलगी आधी विभागात, मग राज्यात, मग महाराष्ट्राच्या जर्सीत. विद्यापीठाकडून गेली तर पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. म्हणजे मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणारी एकच मुलगी वेगवेगळ्या स्पर्धांच्या कागदांवर "विदर्भ", "महाराष्ट्र" आणि "नागपूर विद्यापीठ" अशी तीन नावांनी येऊ शकते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं महाराष्ट्राच्या खात्यात टाकलं तर नोंद खोटी होईल.

पुढे ती रेल्वेत लागली की चौथं नाव. नागपुरात तर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन झोनची विभागीय कार्यालयं आहेत. भारतीय रेल्वे हे नॅशनलमधलं स्वतंत्र युनिट, आणि खेळाडू कोट्यातून नोकरी मिळालेली खेळाडू तिकडून खेळते. त्यामुळे एखादं राज्य यादीतून अचानक गायब झालेलं दिसलं की "तिथला खेळ बसला" असं लिहिण्याआधी रेल्वेच्या संघातल्या मुलींची मूळ गावं तपासायची. राज्यांच्या सीमांचंही तेच. नोव्हेंबर २०००च्या आधी भिलाई-रायपूरच्या मुली मध्य प्रदेशाच्या खात्यात आहेत, जून २०१४च्या आधी हैदराबादच्या मुली आंध्र प्रदेशाच्या.

चेंडू आणि मैदानावर जागा वाया घालवली म्हणता, त्यावर थोडक्यात. महिलांचा चेंडू २ नंबरचा: घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर, वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम. पुरुषांचा ३ नंबरचा ५८ ते ६०, ४२५ ते ४७५ ग्रॅम. "मुलांचा उरलेला चेंडू मुलींना द्या" हा प्रकार अजून चालतो. मूठ पुरत नाही, मग मुलगी मनगटाऐवजी खांद्याने ढकलते, आणि फेकीची ती सवय पुढे मोडणं कठीण. दुसरं, हॉलमध्ये चेंडूला रेझिन म्हणजे चिकट राळ लावतात. चिकटपणामुळे एका हाताने फसवी फेक जमते, पण टप्पा मेल्यासारखा पडतो, म्हणून पासिंग वाढतं. आपल्या मुरमाच्या मैदानावर रेझिन लावलं तर दोन मिनिटांत चेंडूला धुळीचा थर बसतो. तिथे कोरडाच चेंडू, जास्त ड्रिब्लिंग आणि विंगवरून (मैदानाच्या कडेने) उडी मारायला नको वाटणारी जमीन. मैदानावर झालेल्या नॅशनलचा स्कोर आणि हॉलमधल्या नॅशनलचा स्कोर यांची सरासरी काढणाऱ्याने आधी हे पाहावं. आता रेझिनशिवाय पकड मिळणारे थोडे लहान आणि हलके चेंडूही आले आहेत, म्हणजे पुढच्या नोंदीत अजून एक रकाना.

यादी द्यायची आहेच. पण स्पर्धेचा क्रमांक आणि वर्ष एकमेकांवरून काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. एखाद्या वर्षीची नॅशनल पुढच्या वर्षी होते, कधी एका वर्षात दोन होतात. क्रमांकात वर्षं मिळवून विजेता बसवला की चूक पक्की. म्हणून प्रत्येक नोंदीला हे रकाने: छापील क्रमांक, प्रत्यक्ष तारखा, गाव, वयोगट (सीनियर, ज्युनियर, सब-ज्युनियर), युनिट, हॉल की मैदान, साखळी की बाद फेरी, अंतिम सामन्याचा स्कोर आणि तो जादा वेळेतला असल्यास तसं. बरोबरी झाली तर ५-५ मिनिटांचे दोन भाग, तरी सुटली नाही तर आणखी तसेच दोन, मग ७ मीटर फेका (पेनल्टी). त्यामुळे २४-२३ हा आकडा ६० मिनिटांचा आहे की ८० मिनिटांचा, हे लिहिल्याशिवाय कळत नाही. फेडरेशन कप, नॅशनल गेम्स आणि शालेय राष्ट्रीय यांच्या याद्या वेगळ्या राहतील. वर्तमानपत्रात सगळ्यांनाच "राष्ट्रीय हँडबॉल" म्हणतात, आणि ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळताना याच शब्दावर फायली अडकतात.

तुमच्याकडे जुनी प्रमाणपत्रं किंवा सामन्याचे स्कोअरशीट असतील तर फोटो पाठवा. प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू घ्या, कारण अनुक्रमांक आणि शिक्का पुष्कळदा मागे असतो. स्कोअरशीटवर टेबल-ऑफिशियलच्या (वेळ आणि गोल नोंदवणाऱ्यांच्या) सह्यांपर्यंतचा पूर्ण कागद यावा, अर्ध्या वेळेचा स्कोर कापला जाऊ देऊ नका. खेळाडूंची नावं, जन्मतारखा झाकल्या तरी चालेल. आम्हाला युनिट, तारीख आणि आकडे हवेत. एकाच सामन्याचे दोन वेगळे कागद जुळले की ती ओळ यादीत चढेल, एकच मिळाला तर पेन्सिलने.