वीस रुपयांची चकती चिकटवली की झाला फ्लोमीटर?

कॉम्प्रेसरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. बझरमधली पितळी पिएझो चकती (दाबली की वीज देणारी) हवेच्या पाइपवर बाहेरून चिकटवा, अर्डुइनोला (छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाला) जोडा, फ्लो, म्हणजे हवेचा प्रवाह, स्क्रीनवर. हजारोंचा मीटर कशाला? सोबतच्या व्हिडिओत आलेख झकास चढतो. त्यातले दावे एकेक घेऊ.

‘हवा जोरात, तर व्होल्टेज जास्त.’ दाब बदलला की पिएझोवर विद्युतभार येतो. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवलं ते हेच. दाब टिकून राहिला तर तो भार गळून जातो. २७ मिमीची चकती (सुमारे २० नॅनोफॅरड) आणि नेहमीचा १ मेगाओहमचा रेझिस्टर घेतला, तर २० मिलिसेकंदांत बराचसा जातोच. एकसारखी वाहणारी हवा चकतीला कळतच नाही. आलेखात दिसते ती पाइपची थरथर. फ्लो वाढला की तीही वाढते, मान्य. पण पाइपचा क्लॅम्प जरा सैल करा, फ्लो तेवढाच असून आलेख बदलेल.

‘कंपन्याही पिएझोच वापरतात.’ वापरतात, व्हॉर्टेक्स मीटरमध्ये. तिथे प्रवाहात आडवा दांडा असतो, त्याच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि पिएझो ते फक्त मोजतो. ढोबळ हिशेब असा: वेगाला दांड्याच्या रुंदीने भागा, ०.२ ने गुणा. १० मिमीचा गोल दांडा आणि सेकंदाला ५ मीटर वेग असेल तर सेकंदाला १०० भोवरे. २.५ मीटरला ५०. आणि आपली वीजही ५० हर्ट्झची! शिल्डिंग (बाहेरच्या विजेपासून आडोसा) नसलेली चकती ती गुणगुण पकडते, मग कॉम्प्रेसर बंद असतानाही मीटर २.५ दाखवत बसतो. शिवाय फ्लो फारच मंद असला तर भोवरे सुटतच नाहीत. रात्री मशीन बंद असतानाची गळती नेमकी तिथेच असते, आणि बहुतेकांना मीटर हवा असतो तो तिच्यासाठी.

‘पाण्याच्या पाइपला अल्ट्रासॉनिक मीटर (ऐकू न येणाऱ्या ध्वनीने फ्लो मोजणारा) बाहेरूनच लावतात.’ स्टीलमधून पाण्यात सुमारे १२ टक्के ध्वनिऊर्जा शिरते. साध्या दाबाच्या हवेत शिरते अठ्ठावीस हजारांत एक भाग, आणि बाहेर येताना पुन्हा तेवढीच कात्री. वायूसाठी बाहेरून लावायचे मीटर मिळतात, पण ते या चकतीवर चालत नाहीत. पाइपला भोकं पाडून ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची जोडी समोरासमोर तिरकी बसवली तर जमू शकतं. मात्र ५० मिमी पाइप, ४५ अंश, वेग ५ मीटर असेल तर ध्वनीला हवेच्या दिशेने आणि उलट जायला लागणाऱ्या वेळेतला फरक जेमतेम ४ मायक्रोसेकंद. अर्डुइनो उनोचं वेळ मोजणारं micros() फंक्शन मोजतंच ४-४ च्या टप्प्यांनी.

‘तापमान-प्रेशर बघायची गरज नाही.’ अर्धं खरं. दोन्ही दिशांची वेळ घेतली की वेगाच्या हिशेबातून ध्वनीचा वेग, पर्यायाने तापमान, गळून पडतं. पण आपण बोलतो फ्री एअरच्या (बाहेरच्या, न दाबलेल्या हवेच्या) सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. ७ किलो प्रेशरला हवा आठपट दाबलेली असते (गेजवरचे ७ आणि वातावरणाचा १). प्रेशर धरलं नाही तर आकडा तितकाच चुकेल.

नुसती गळतीच काढायची असेल तर सगळी मशीन आणि कॉम्प्रेसर बंद करा, लाइन उघडी ठेवा, गेज बघा. ५०० लिटरच्या टाकीत ७ चं ६ किलो व्हायला ५ मिनिटं लागली, तर मिनिटाला साधारण १०० लिटर फ्री एअर, म्हणजे साडेतीन सीएफएम जातेय. लाइन लांबलचक असेल तर तिचंही आकारमान टाकीत मिळवा.