‘शिट्टीच वाजली नव्हती, मग कार्ड कसलं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पांझरेकाठच्या त्या फुटबॉल सामन्यावरचा माझा लेख तुम्ही पूर्ण वाचलात आणि मोकळेपणानं रागावलात, त्याबद्दल आभार. तीस वर्षं पोरांना मैदानावर घडवलेल्या माणसाचा राग मी हलक्यात घेणार नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सामना सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी पाण्याच्या टाकीपाशी एका टीमच्या नऊ नंबरच्या मुलानं समोरच्या गोलकीपरच्या थोबाडीत मारली. मी त्या सामन्याचा रेफ्री होतो, मी त्या मुलाला खेळू दिलं नाही. सरांचं म्हणणं असं, की शिट्टी वाजायच्या आधी रेफ्रीला हा अधिकारच नाही, ही मनमानी झाली. बाहेर काढलंच होतं तर टीमला दहा जणांवर खेळवायचं, अकरा उतरवले म्हणजे शिक्षा पोकळ झाली. आणि शेवटी, ‘पोरं आहेत, समज देऊन सोडायचं होतं.’

आधी माझी चूक सांगतो. मी टाकीपाशीच खिशातून लाल कार्ड काढून वर धरलं. तसं करायला नको होतं. दोन्ही टीम सामन्यासाठी मैदानात उतरतात तेव्हापासून कार्ड दाखवता येतं, त्याआधी नाही. कोचना बाजूला घेऊन ‘हा आज खेळणार नाही’ एवढं सांगणं पुरेसं होतं. कार्ड वर गेलं आणि बघता बघता माणसं गोळा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अजून मॅच सुरू नही व्हयनी, मंग कार्ड कसानं?’ कार्डापुरता तो माणूस बरोबर होता. शंभर लोकांसमोर त्या पोराचा तमाशा झाला, याची मला खंत आहे.

पण त्याला खेळू न देणं हे नियमाला धरूनच होतं.

रेफ्रीचा अधिकार किक-ऑफपासून, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पहिल्या किकपासून, सुरू होतो असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात. मीही सुरुवातीला तेच समजत होतो. फुटबॉलच्या नियमावलीतला नियम क्रमांक 5 वेगळं सांगतो. फक्की नीट पडली आहे का, गोलपोस्ट पक्के आहेत का, जाळीला भोक नाही ना, हे बघायला रेफ्री मैदानात पहिलं पाऊल टाकतो तिथून त्याचा शिस्तीचा अधिकार सुरू होतो. सामना संपल्यावर रेफ्री मैदान सोडतो तिथे हा अधिकार संपतो. 2016 साली नियमांची मोठी फेरमांडणी झाली तेव्हा हे स्पष्ट शब्दांत आलं. टाकी फक्कीच्या रेषेबाहेर होती हे खरं, पण हिंसक वर्तनाला रेषेचं बंधन नाही. चेंडूचा संबंध नसताना कुणाच्या डोक्यावर किंवा तोंडावर मुद्दाम हात उगारून मारलं तर तो बाहेर काढण्याचा गुन्हा आहे. जोर अगदीच नगण्य असेल तेवढी एक सूट आहे. त्या गोलकीपरच्या गालावर बोटं उमटली होती, सर.

याच जागी नियम रेफ्रीचा हात आवरतोही. मैदानात उतरण्याआधी कुणी फक्त यलो कार्डाच्या लायकीचं वागला, म्हणजे समजा वाद घातला, तर त्याला यलो देता येत नाही. ते रिपोर्टमध्ये लिहायचं. तेच टॉसच्या वेळी, हात मिळवताना घडलं तर यलो देता येतं आणि ते सामनाभर त्याच्या नावावर राहतं. त्यामुळे कधी घडलं हे घड्याळात बघून लिहून ठेवायची सवय मी लावून घेतली आहे.

आता दहा की अकरा. तुमची ही शंका मला सगळ्यात जास्त आवडली, कारण वरवर बघता ती न्यायाची वाटते. नियम क्रमांक 3 मात्र किक-ऑफ ही सीमारेषा धरतो. टीम लिस्ट दिल्यानंतर पण किक-ऑफच्या आधी खेळाडू बाहेर गेला तर लिस्टमधला बदली खेळाडू त्याच्या जागी उतरू शकतो, आणि तो बदल मोजला जात नाही. बाकावरची रिकामी जागा मात्र भरता येत नाही. त्या दिवशी बाकावर पाच होते, चार उरले. लिस्ट द्यायच्या आधीच हे घडलं असतं तर त्या मुलाचं नाव लिस्टमध्ये घालताच आलं नसतं. आपल्याकडच्या स्पर्धांत लिस्ट शेवटच्या क्षणी वहीच्या पानावर लिहून हातात येते, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. सामना सुरू झाल्यावर एकाच्या चुकीचा भार टीम उचलते. त्याआधी तो ज्याचा त्यानं उचलायचा. मला हे पटतं. त्या दहा मुलांनी टाकीपाशी काहीच केलं नव्हतं.

मोठ्या फुटबॉलमध्येही हे घडलं आहे. 2 नोव्हेंबर 2017 रोजी युरोपा लीग या क्लबांच्या स्पर्धेत, पोर्तुगालमधल्या गिमाराइश शहरात, मार्से या फ्रेंच क्लबचा खेळाडू पात्रीस एव्हरा वॉर्म-अपच्या वेळी आपल्याच क्लबच्या एका प्रेक्षकाला लाथ मारून बसला. सामना सुरू व्हायच्या आतच त्याला बाहेर काढलं गेलं. तो बदली खेळाडूंत होता, त्यामुळे मार्सेचे अकराच्या अकरा उतरले, बाकावरचा एक कमी झाला. पुढे युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, त्याच्यावर 30 जून 2018 पर्यंत बंदी घातली आणि क्लबनं करारही संपवला. बंदीचा निर्णय रेफ्रीचा नव्हता, हे लक्षात घ्या.

राहिलं ‘समज देऊन सोडा’. मी एकदा सोडलं होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात, मंडपात कपडे बदलताना एका मुलानं समोरच्या टीमच्या डाव्या बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, जातीवरून शिवी दिली. मी स्वतः ऐकली. अपमानास्पद, शिवराळ भाषा हाही बाहेर काढण्याचाच गुन्हा, तरी मी म्हटलं, ‘चला रे, खेळाकडे लक्ष द्या.’ दोघांनीही माना डोलावल्या. विसाव्या मिनिटाला त्या बॅकनं चेंडू सोडून सरळ पायावर उडी घेतली आणि शिवी देणाऱ्याचा घोटा मोडला. मी बॅकला लाल कार्ड दिलं, द्यावंच लागलं. ज्याला शिवी बसली तोच मुलगा माझ्या हातून बाहेर गेला, आणि तो रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. टाकीपाशी मला तीच आठवली.

तुम्ही विचारलंत, रिपोर्ट लिहिला का. त्याच संध्याकाळी आयोजकांना दिला. किती वाजता घडलं, कुठे घडलं, कुणी पाहिलं, त्याच्या जागी कोण उतरला, हे सगळं त्यात आहे. मी कार्ड काढायला नको होतं, हेही लिहिलं आहे. पुढच्या सामन्यात तो मुलगा खेळणार की नाही, ते आयोजकांनी ठरवायचं आहे.