चेंडू पडला की हशा

गेले दोन आठवडे भाजी निवडताना माझ्या कानात फ्रेड ॲलन हा विनोदवीर असतो. १९४०च्या आसपासचे अमेरिकन रेडिओ कार्यक्रम, खरखरीसकट. निम्मे संदर्भ डोक्यावरून जातात, तरी हसू येतं. बायकोने पाच मिनिटं ऐकलं आणि "नाकातून बोलतो हा" म्हणून हेडफोन परत दिला. बोलतोच. तीच त्याची ओळख.

मुळात हा जगलर, म्हणजे चेंडू उडवून झेलणारा. १८९४चा जन्म, खरं नाव जॉन सलिव्हन. पोरवयात बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयात कामाला होता, तिथून व्हॉडव्हिलमध्ये शिरला. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, जादू, नकला, कुत्र्यांच्या कसरती, सगळंच. याचे चेंडू हातातून निसटायचे. पडलेल्या चेंडूवर हा काहीतरी पुटपुटायचा आणि लोक त्यालाच हसायचे. मग त्याने स्वतःची जाहिरातच 'जगातला सर्वात वाईट जगलर' अशी केली. चेंडू कमी होत गेले, बोलणं वाढत गेलं. पुढे त्याने एक पडदा रंगवून घेतला: जुन्या विनोदांची दफनभूमी. थडगी, आणि प्रत्येकावर एकेका घासून गुळगुळीत झालेल्या विनोदाची ओळ. तो पडदा बघायला मिळावा म्हणून मी काहीही देईन.

१९३२मध्ये तो रेडिओवर आला आणि इथे मला त्याची खरी दया येते. आमच्या एका मामांकडे एकच विनोद होता. तीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो सांगितला आणि दरवेळी हशा घेतला, कारण पंगत नवी असायची. व्हॉडव्हिलचं गणित हेच. दहा-बारा मिनिटांचा मसाला गावोगाव वर्षानुवर्षं पुरायचा. रेडिओ तो एका रात्रीत फस्त करतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरा कागद! ॲलनच्या हाताखाली लेखक होते, पण संहितेवर शेवटचा हात याचाच. १९४४मध्ये रक्तदाबामुळे काही काळ कार्यक्रम सोडावा लागला. (रोज एक रील टाकणाऱ्या पोरांनो, बीपी तपासून घ्या.)

वर साहेबलोकांची कात्री. एप्रिल १९४७मध्ये त्याने त्याचा कार्यक्रम लावणाऱ्या एनबीसी या रेडिओ कंपनीच्या अधिकाऱ्यांचीच थट्टा केली, तर एनबीसीने चालू कार्यक्रमात काही सेकंद आवाज बंद केला. त्यावर विनोद केले म्हणून बॉब होप आणि रेड स्केल्टन या दुसऱ्या विनोदवीरांचाही आवाज कापला गेला.

त्याला संपवलं ते एबीसी या दुसऱ्या रेडिओ कंपनीच्या 'स्टॉप द म्युझिक' या कार्यक्रमाने, असं सांगतात. घरी फोन येणार, गाणं ओळखा, बक्षीस घ्या. ॲलनने उलटी घोषणा केली: माझा कार्यक्रम ऐकताना तुमचं तिथलं बक्षीस हुकलं, तर ५,००० डॉलरपर्यंत भरपाई. उपयोग झाला नाही, जून १९४९मध्ये कार्यक्रम बंद. फ्रिजच्या आमिषापुढे शब्द हरले, ही कथा मला जरा सोयीची वाटते. सतरा वर्षं दर आठवड्याला नवं लिहिणारा माणूस तोवर पुरता पिळून निघाला होता. १९५६मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर रात्री फिरताना तो गेला.

पण सुरुवात करायची तर मार्च १९४०च्या गरुडापासून करा. स्टुडिओत एक शिकवलेला गरुड आणला होता. तो उडाला, उंचावर जाऊन बसला, खाली येईना, आणि वरून त्याने नको ते केलं. प्रेक्षक बेभान. संहितेत यातलं एक अक्षरही नव्हतं, आणि ॲलन पुन्हा पडलेल्या चेंडूवर बोलत सुटला.